हॉर्न शिकायचाय? बेळगाव, खानापूर, निपाणीकडच्या पालकांचे आणि मुलांचे वारंवार विचारले जाणारे प्रश्न

मी खानापूर तालुक्यातल्या एका खेड्यातला. फौजेत भरती झालो, बँडमध्ये निवड झाली आणि तिथे हातात हॉर्न आला. बावीस वर्षं नोकरीत वाजवला. आता बेळगावात राहून मुलांना शिकवतो. लग्नात, एसटी स्टँडवर, देवळाच्या पायरीवर, फोनवर लोक तेच तेच प्रश्न विचारतात आणि घाईत अर्धवट उत्तर दिलं की मलाच चुटपुट लागून राहते. म्हणून ही उत्तरं सवडीने लिहिली आहेत.

हॉर्न म्हणजे नक्की कोणतं वाद्य? ट्रंपेटच ना?

नाही. ट्रंपेट सरळ समोर धरतात आणि उजव्या हाताच्या बोटांनी वाजवतात. हॉर्नची नळी गोल वेटोळी केलेली असते, व्हॉल्व्ह, म्हणजे नळीची लांबी बदलणाऱ्या कळा, डाव्या हाताने दाबायचे असतात आणि त्याचं रुंद तोंड, ज्याला आम्ही बेल म्हणतो, मागे वळलेलं असतं. उजवा हात त्या बेलच्या आत ठेवायचा. एफ या पाश्चात्त्य स्वरात जुळवलेल्या, म्हणजे एफ हॉर्नची वेटोळी उलगडली तर नळी साधारण पावणेचार मीटर, म्हणजे बारा फुटांच्या आसपास भरते. लोक त्याला फ्रेंच हॉर्न म्हणतात, पण हॉर्नवादकांच्या आंतरराष्ट्रीय संस्थेने १९७१ पासून नुसतं हॉर्न म्हणावं असंच सुचवलं आहे.

आपल्या भागातल्या माणसाला हे वाद्य परकं वाटायचं कारण नाही. शिवजयंतीच्या मिरवणुकीत चित्ररथांपुढे शिंग फुंकलेलं तुम्ही ऐकलं आहे. हॉर्न या शब्दाचा अर्थही शिंगच आणि कन्नडमध्ये कोंबू म्हणतात तेही शिंगच. बेळगावात मराठा लाइट इन्फन्ट्रीचं केंद्र आहे. लाइट इन्फन्ट्रीची जुनी खूण म्हणजे बिगूल, तोही याच घराण्यातला. शिंगाला, बिगुलाला आणि जुन्या हॉर्नला व्हॉल्व्ह नसत. १८१८ साली श्ट्योल्त्सेल आणि ब्ल्यूमेल या दोघा जर्मनांनी बर्लिनमध्ये व्हॉल्व्हचं पेटंट घेतलं, त्यानंतर हळूहळू हॉर्नला व्हॉल्व्ह बसू लागले. त्याआधी मोत्सार्टने हॉर्नसाठी चार कॉन्चेर्तो, म्हणजे एकटा वादक आणि वाद्यवृंद यांच्यासाठीच्या रचना, लिहिले, ते बहुतेक योसेफ लॉइटगेब या त्याच्या वादक मित्रासाठी. लॉइटगेबच्या हॉर्नला एकही व्हॉल्व्ह नव्हता. मधले स्वर तो बेलमधला हात उघडून-मिटून काढायचा.

व्हॉल्व्ह तर तीन-चारच दिसतात. मग एवढे स्वर निघतात कुठून?

ओठातून आणि कानातून. या उत्तराला मी थोडी जास्त जागा घेतो, कारण हे कळलं की पुढचं निम्मं काम सोपं होतं.

एकही व्हॉल्व्ह न दाबता नळी नुसती फुंकली तरी तिच्यातून एकापेक्षा जास्त स्वर निघतात. ओठ सैल ठेवले तर खालचे, आवळले तर वरचे. त्यांचा क्रम निसर्गानेच ठरवलेला आहे. सगळ्यात खाली सा, मग त्याच्या वरचा सा, मग प, मग पुन्हा सा, मग ग, प, थोडा उतरलेला कोमल नी, आणि पुन्हा सा. इथून पुढे स्वर एकमेकांना चिकटून येतात: रे, ग, शुद्ध आणि तीव्र यांच्या मधे कुठेतरी बसणारा म, मग प. शिंग फुंकणारा यातलेच चार-पाच स्वर वापरतो.

ट्रंपेटची नळी हॉर्नच्या निम्म्याहूनही कमी लांबीची असते, त्यामुळे ट्रंपेटवाला या शिडीच्या खालच्या पायऱ्यांवर वावरतो. तिथे पायऱ्या लांब लांब आहेत, पाय चुकण्याची भीती कमी. हॉर्नवाल्याला मात्र बराच वेळ वरच्या, दाटीवाटीच्या पायऱ्यांवर चालावं लागतं. बोटं तीच, व्हॉल्व्ह तोच, पण ओठ केसभर हलले तर ग च्या जागी रे वाजतो. मोठमोठ्या वाद्यवृंदांतले नामवंत वादकही हॉर्नवर सूर चुकतात, त्याचं कारण हेच. म्हणून तुमच्या मुलाचा सूर पहिल्या वर्षी फाटला तर त्याला रागावू नका. त्याने मनात आधी सूर ऐकायला हवा, तरच तो ओठांना सापडतो.

माझ्या वर्गात पहिले काही दिवस हॉर्न पेटीतच राहतो. मी सूर देतो, मूल गातं. मग नुसत्या माउथपीसवर, म्हणजे ओठांना लावायच्या तोंडावर, तोच सूर. त्यानंतर हॉर्न. कंग्राळीहून येणारा एक मुलगा दोन आठवडे वैतागला होता. "सर, वाजंना झालंय," एवढंच म्हणायचा. मी म्हटलं, हॉर्न खाली ठेव आणि गा. प गाताना त्याचा आवाज ग कडे घसरत होता. आवाज जागेवर आला त्याच संध्याकाळी हॉर्नमधूनही प निघाला. त्याच्या ओठांना मी हातही लावला नव्हता.

मुलगा भजनात पेटी वाजवतो. त्याचा काही फायदा होईल का?

खूप होईल. आपल्या सीमाभागातल्या मुलांचं खरं भांडवल हेच आहे असं मला मनापासून वाटतं. गावागावात भजनी मंडळ, सप्ताह, घरात अभंग. कुमार गंधर्वांचा जन्म बेळगावजवळच्या सुळेभावीचा, १९२४ चा. बेळगावात पंडित रामभाऊ विजापुरे यांनी आयुष्यभर पेटी शिकवली. ही पेटी तरी मूळची कुठली? १८४० च्या दशकात पॅरिसमध्ये घडलेलं वाद्य ते. आपल्या माणसांनी ते खाली बसून वाजवायचं केलं, भाता हाताशी आणला आणि आज पेटी परदेशी आहे असं सांगितलं तर कोणाला खरं वाटत नाही.

एक फरक मात्र पेटीवाल्या मुलांना समजावून द्यावा लागतो. पेटीचे स्वर सम अंतरावर बसवलेले असतात. हॉर्नमधून आपसूक निघणारा पाचवा स्वर, म्हणजे ग, पेटीच्या शुद्ध गंधारापेक्षा अर्ध्या स्वराच्या सुमारे सातव्या हिश्शाने उतरलेला असतो. तानपुऱ्याची खर्जाची तार नीट जुळली की तिच्यातून कोणी न छेडता गंधार ऐकू येतो, ज्याला गवई स्वयंभू गंधार म्हणतात, तो हाच. माझ्याकडे मिरजेचा एक जुना तानपुरा आहे. मुलांना त्याच्याजवळ बसवतो, खोलीचं दार लावतो आणि खर्जातला गंधार ऐकू आला की हात वर करा म्हणतो. कुणाचा हात लगेच वर जातो, कुणाला आठवडा लागतो. मग व्हॉल्व्ह न दाबता तोच गंधार हॉर्नवर वाजवायचा. पोर थबकतं. मिरजेच्या भोपळ्यातून आणि जर्मनीच्या पितळेतून एकच सूर येतोय हे त्याला सांगावं लागत नाही.

कोणत्या वयात सुरुवात करावी?

पुढचे पक्के दात येऊन स्थिरावले की. म्हणजे साधारण नऊ ते अकराव्या वर्षी. त्याआधी गाऊ द्या, टाळ वाजवू द्या. दातांना तारा लावायच्या असतील तर दंतवैद्याला आधीच सांगा की मूल पितळी वाद्य वाजवतं. तारा असताना वाजवता येतं, पण ओठ आतून सोलतात आणि तारा निघाल्यावर ठेवण पुन्हा बसवावी लागते. पंचविशीत, तिशीत आलेलेही माझ्याकडे शिकतात आणि बरं वाजवतात.

रोज किती वेळ वाजवायचं?

सुरुवातीला पंधरा-पंधरा मिनिटं, दिवसातून दोनदा. ओठ म्हणजे स्नायूच. तो दमला की मूल माउथपीस ओठांवर दाबून सूर काढायला बघतं आणि ती सवय एकदा लागली की सुटता सुटत नाही. लांब सूर, मग एका सुरावरून दुसऱ्यावर न तोडता जाणं, मग जिभेचं काम आणि शेवटी एखादी आवडती चाल. रविवारी तीन तास वाजवून आठवडाभर हॉर्नची पेटी न उघडणाऱ्याची प्रगती होत नाही.

छातीला, फुप्फुसाला त्रास होतो का?

निरोगी मुलाला होत नाही. दमा असेल, डोळ्यांचा दाब असेल, हर्नियाचं ऑपरेशन झालेलं असेल तर आधी डॉक्टरांना विचारा. बँडमध्ये काळजी घ्यायची ती कानांची. हॉर्नवाले बऱ्याचदा ड्रमच्या पुढ्यात बसतात. मी तरुणपणी कानात बोळे घातले नाहीत, आता डाव्या कानाने कमी ऐकू येतं. माझ्या मुलांना मी ते घालायला लावतो.

यात करिअर आहे का? पोट भरतं का?

सगळ्यात जास्त विचारला जाणारा प्रश्न हाच, आणि पालक तो दबक्या आवाजात विचारतात.

आपल्या देशात नुसतं वाद्यवृंदात हॉर्न वाजवून जगणारी माणसं थोडी. मुंबईत एनसीपीए या कलाकेंद्रात २००६ साली सिम्फनी ऑर्केस्ट्रा ऑफ इंडिया सुरू झाला, तोच आपला कायमस्वरूपी व्यावसायिक सिम्फनी वाद्यवृंद. नियमित पगाराची नोकरी हवी असेल तर वाट फौजेच्या, निमलष्करी दलांच्या आणि पोलिसांच्या बँडकडे जाते. लग्नाचे बँड आहेत, पण त्यांच्यात हॉर्न क्वचित दिसतो. तिथे ट्रंपेट, क्लॅरिनेट, युफोनियम (जाड आवाजाचं मोठं पितळी वाद्य) यांना मान. हॉर्न येणारा मुलगा काही महिन्यांत ट्रंपेट किंवा युफोनियमवर हात बसवू शकतो आणि माझे दोन विद्यार्थी तुळशीच्या लग्नापासून पावसापर्यंतच्या हंगामात तसं करतात. नाताळात कॅम्पातल्या चर्चमध्ये आणि गोव्यात वाजवणाऱ्यांना बोलावणं येतं. स्टुडिओतलं रेकॉर्डिंग मुंबई-चेन्नईला, तेही आता संगणकावर बरंच भागतं. उरलं शिकवणं.

म्हणजे जो यात टिकतो त्याच्या हातात एकाच वेळी तीन-चार कामं असतात. २०२० च्या टाळेबंदीत लग्नं, मिरवणुका, चर्च सगळं एकदम थांबलं, तेव्हा ज्यांच्याकडे नोकरी किंवा शिकवण्या होत्या त्यांची चूल पेटली. बाकीच्यांनी वाद्यं विकली. त्यातलं एक युफोनियम मी विकत घेतलं आणि ज्याचं होतं त्यालाच वाजवायला ठेवलं आहे. म्हणून मी मुलांना बारावी, पदवी सोडू देत नाही.

फौजेच्या बँडमध्ये कसं जायचं?

भरती शिपाई म्हणूनच होते, आणि २०२२ पासून ती चार वर्षांसाठी अग्निवीर म्हणून असते. धावणं, मोजमाप, वैद्यकीय तपासणी काहीच सुटत नाही. अटी बदलत असतात, तेव्हा बेळगावच्या भरती कार्यालयाची त्या वर्षीची जाहिरात वाचा, कुणा एजंटाचं ऐकू नका. संगीताचं पुढचं शिक्षण मध्य प्रदेशात पचमढीला होतं. तिथली लष्करी संगीताची शाळा १९५० मध्ये, जनरल करिअप्पा सेनाप्रमुख असताना सुरू झाली. तिथे नोटेशन म्हणजे स्वरलेखन, ऐकण्याचा अभ्यास, बँडसाठी मांडणी हे सगळं शिकवतात. फौजी बँडवाल्याला रायफलही चालवता येते आणि लढाईत जखमींना स्ट्रेचरवरून आणण्याचं काम परंपरेने त्याच्याकडे असतं. दिल्लीत २९ जानेवारीला विजय चौकात बीटिंग रिट्रीट, म्हणजे प्रजासत्ताक दिनाच्या सोहळ्याचा समारोप करणारं बँडचं संचलन, होतं, ते टीव्हीवर मुलांना जरूर दाखवा. चालता चालता वाजवणं म्हणजे काय ते कळेल. पाय जमिनीवर आपटताना ओठावरचा माउथपीस हलू द्यायचा नाही, हे शिकायला मला एक पूर्ण हिवाळा लागला होता.

परीक्षा कोणत्या द्याव्यात?

ट्रिनिटी आणि एबीआरएसएम या लंडनच्या दोन्ही मंडळांच्या परीक्षांत हॉर्न आहे, पहिली ते आठवी ग्रेड. एबीआरएसएममध्ये सहावी किंवा त्यापुढची वादनाची ग्रेड द्यायची तर आधी पाचवीची थिअरी किंवा तिच्या तोडीची परीक्षा पास व्हावी लागते. शिकवायचं असेल तर आठवीनंतरच्या डिप्लोमापर्यंत जा. पणजीची कला अकादमी आपल्याला जवळ आहे, चोर्ला घाट उतरला की झालं. तिथे पाश्चात्त्य संगीताचा विभाग आहे. चेन्नईला ए. आर. रहमान यांनी २००८ मध्ये सुरू केलेलं के. एम. कॉन्झर्व्हेटरी आहे. ग्रेडच्या मागे लागून वर्षभर तीनच तुकडे घोटणाऱ्या मुलांना नवं काही वाचता येत नाही, म्हणून मी दोन परीक्षांच्या मधे एक वर्ष मोकळं ठेवतो.

कोणाला ऐकावं?

डेनिस ब्रेनला. इंग्रज वादक, जन्म १९२१. लंडनच्या फिलहार्मोनिया वाद्यवृंदाचा मुख्य हॉर्नवादक. १९५७ मध्ये एडिनबरोहून रात्री गाडी चालवत घरी येताना अपघातात गेला, वय अवघं छत्तीस. त्याचं मोत्सार्ट ऐका. गवयाने लांब श्वासात ओळ उचलावी तशी तो ओळ उचलतो.

यात कर्नाटकाचाही धागा आहे आणि तो आपल्याकडे फारसा कुणाला ठाऊक नाही. म्हैसूरचे महाराज जयचामराजेंद्र वडियार पाश्चात्त्य संगीताचे जाणकार होते आणि याच फिलहार्मोनियाला त्यांनी पैशाचा मोठा आधार दिला. रिचर्ड स्ट्राउस या जर्मन रचनाकाराची शेवटची चार गीतं त्याच्या मृत्यूनंतर, २२ मे १९५० रोजी लंडनच्या रॉयल अल्बर्ट हॉलमध्ये पहिल्यांदा गायली गेली, तीही महाराजांनी खर्चाची हमी घेतल्यामुळे. स्ट्राउसचे वडील हॉर्नवादक होते. त्यातलं सप्टेंबरवरचं गीत संपतं ते एकट्या हॉर्नच्या सुरांवर. गाणं थांबतं आणि हॉर्न दोन-चार ओळी बोलून हलकेच विरतो. वर्गात मी ते वर्षातून एकदाच ऐकवतो, गणपती गेल्यानंतरच्या आठवड्यात. ऐकवून झाल्यावर त्या दिवशी काही शिकवत नाही.

मुलीला जमेल का? घरचे म्हणतात फुंकायचं वाद्य मुलींचं नाही.

जमेल. सारा विलिस २००१ पासून बर्लिन फिलहार्मोनिकमध्ये हॉर्न वाजवतात. त्या वाद्यवृंदाच्या पितळी विभागात आलेली ती पहिली बाई. माझ्या वर्गात आज निम्म्याला टेकतील इतक्या मुली आहेत. त्यांतली एक येळ्ळूरहून सायकलवर येते, हॉर्न पाठीला बांधून. तिची आजी आधी नको म्हणत होती. गेल्या आषाढी एकादशीला नातीने देवळात अभंगाची चाल वाजवली, तेव्हापासून आजीच तिला वेळेवर पिटाळते.

वाद्य कोणतं घ्यावं?

पहिल्या वर्षी घेऊ नका. माझ्याकडचं वापरा. नंतर एफचा सिंगल हॉर्न, आणि मूल टिकलं तर डबल. डबलमध्ये एफ आणि बी-फ्लॅट अशा दोन नळ्या एकाच वाद्यात असतात आणि अंगठ्याच्या व्हॉल्व्हने एकीवरून दुसरीवर जाता येतं. १८९७ च्या सुमारास जर्मनीतल्या एरफुर्टच्या क्रुस्पेच्या कारखान्यात ही युक्ती निघाली. आपल्याकडे बँडची पितळी वाद्यं मुख्यतः मेरठच्या जाली कोठीत बनतात. मिरवणुकीला ती चालतात, पण हॉर्नचे फिरते व्हॉल्व्ह फार बारीक मापाचे असतात, तेव्हा जपानी किंवा युरोपियन बनावटीचा जुना हॉर्न मिळाला तर मी तो आधी बघेन. जुना घेताना प्रत्येक स्लाइड, म्हणजे नळीचा सरकता तुकडा, हाताने निघते का पाहा, आणि व्हॉल्व्ह न दाबता एक स्लाइड थोडी बाहेर ओढून मग व्हॉल्व्ह दाबल्यावर पॉप असा आवाज येतो का ऐका. तो आला तर नळी हवा धरून आहे.

जुन्या बँडच्या वह्यांत ई-फ्लॅट हॉर्नच्या ओळी असतात. एफ हॉर्नवर त्या एक पूर्ण स्वर खाली वाचायच्या. ज्याला सा बदलून गायची सवय आहे त्याला हे चटकन जमतं.

पावसाळ्यात निगा कशी राखावी?

खानापूरकडचा पाऊस ज्याने पाहिला आहे त्याला सांगायला नको. कपडे वाळत नाहीत, पेटीच्या मखमलीला बुरशी येते. वाजवून झाल्यावर स्लाइड काढून पाणी झटका, हात लागला तिथे सुती फडक्याने पुसा, पेटी दिवसातून तासभर उघडी ठेवा. व्हॉल्व्हला ठरलेलंच तेल. खोबरेल किंवा शिलाई मशीनचं तेल घालू नका, ते घट्ट होतं.

हॉर्नच्या व्हॉल्व्हची खटकी आणि फिरता भाग एका बारीक दोऱ्याने जोडलेले असतात. इंग्रजी आठाच्या आकड्यासारखा तो गुंडाळायचा आणि स्क्रूने आवळायचा. एका नाताळच्या रात्री, प्रार्थना सुरू व्हायला दहा मिनिटं असताना माझा दोरा तुटला. चर्चच्या मागच्या पायरीवर मोबाइलच्या उजेडात बसलो. एका विद्यार्थ्याचे वडील मासे धरायला जात, त्यांच्या गाडीत गळाची नायलॉनची दोरी होती. तीच ओवली. हात थंडीने कापत होते, गाठ तिसऱ्यांदा बसली. तेव्हापासून माझ्या प्रत्येक विद्यार्थ्याच्या पेटीत हातभर दोरा आणि एक छोटा स्क्रूड्रायव्हर असतो, आणि डोळे मिटून दोरा ओवता आल्याशिवाय मी कुणाला बाहेर वाजवायला पाठवत नाही.

मला पुढे शिक्षक व्हायचं आहे. काय तयारी करू?

आधी थोडी पेटी किंवा पियानो शीक, म्हणजे विद्यार्थ्याला साथ देता येईल. ट्रंपेट, युफोनियम, ड्रम यांची प्राथमिक ओळख हवी, कारण शाळेत तुला एकट्या हॉर्नसाठी कुणी ठेवणार नाही, पूर्ण बँड सांभाळायला लागेल. आणि लेखी बोलणी करून घे. एका शाळेने मला बँड उभा करायला बोलावलं. मुलं गुणी होती, चार महिन्यांत दोन आवाजांत वाजवू लागली. २६ जानेवारीचं संचलन झालं आणि दुसऱ्या दिवशी वाद्यांच्या खोलीला कुलूप लागलं. परीक्षा आहेत, पुढच्या वर्षी बघू, असं सांगितलं. जूनमध्ये कुलूप उघडलं तेव्हा छत गळून बेलमध्ये पाणी साठलं होतं आणि व्हॉल्व्ह गंजून बसले होते. मला पैशाचं फारसं वाटलं नाही. पण त्यातला एक मुलगा रोज मधल्या सुट्टीत त्या बंद दाराशी येऊन उभा राहायचा, हे शिपायाने मला सांगितलं ते अजून मनातून जात नाही. आता कुठेही जाताना पहिली अट घालतो: आठवड्यातून तीन दिवस, बाराही महिने, आणि वाद्यं मुलांना घरी न्यायची मुभा.

शिकवणी मराठीत असते की कन्नडमध्ये?

दोन्हीत, आणि कॅम्पातली मुलं आली तर कोंकणीत आणि उर्दूतही मोडकंतोडकं. सरगम सगळ्यांना कळते. नोटेशन तिसऱ्या महिन्यापासून.

फी किती?

ज्याला जमेल तितकी, हे प्रत्यक्ष भेटून ठरवू. फीमुळे आजवर कुणी परत गेलेलं नाही.

घर लहान आहे, शेजारी तक्रार करतात. सराव कुठे करू?

बेलमध्ये बसवायचा, आवाज दाबणारा म्यूट मिळतो, पण रोज त्याच्यावर वाजवलं तर सूर चढायची आणि जोर लावायची सवय लागते. तेव्हा आठवड्यातून दोन-तीनदाच. बाकीचे दिवस शेत, माळ, देवळाचा मंडप. अनगोळची तीन मुलं पहाटे शिवारात जाऊन एकमेकांपासून लांब उभी राहतात आणि एक जण सूर देतो, दुसरा तोच परत करतो, तिसरा त्याच्यावर प लावतो. ज्यांना त्यांच्यात जायचं असेल त्यांनी मला सांगा, मी त्यांना निरोप देतो. येताना हॉर्न थंडीने गार पडलेला असतो, म्हणून आधी पाच मिनिटं नुसती ऊन हवा फुंकायची आणि मगच पहिला सूर.